चेंडू कुणाच्या हातात

हिवाळ्यात युरोपातले बास्केटबॉलचे सामने आपल्याकडे मध्यरात्र उलटल्यावर सुरू होतात आणि अमेरिकेतले पहाटे साडेपाचच्या आसपास. मधले तीन तास झोपेचे. पण ती झोप वरवरचीच. बेलग्रेडच्या किंवा अथेन्सच्या प्रेक्षकांचं गाणं कानातून जात नाही. मिटल्या डोळ्यांपुढे एखादा गार्ड स्क्रीनच्या, म्हणजे वाट अडवून उभ्या राहिलेल्या सहकाऱ्याच्या, कडेने वळत असतो, चेंडू तळव्यावर धरून क्षणभर थांबत असतो. पहाटे उठून पुन्हा पडद्यासमोर बसावं तर खेळ तोच, आणि कधी कधी माणूसही तोच. गेल्या वर्षीपर्यंत युरोपात ज्याच्या हातून सगळं सुरू व्हायचं, तो आता कोपऱ्यात, तीन गुणांच्या रेषेबाहेर, हात पुढे करून उभा असतो. चेंडू येईल, किंवा येणारही नाही.

माझं लक्ष त्या कोपऱ्यातल्या माणसाकडेच जास्त जातं.

साशा वेझेन्कोव्हला मी असं पाहिलं. २०२३ साली तो युरोलीगचा, म्हणजे युरोपातल्या क्लबांच्या सर्वांत मोठ्या स्पर्धेचा, सर्वोत्तम खेळाडू ठरला होता. पिरियसच्या ऑलिम्पियाकोस संघात तो चेंडू फार वेळ स्वतःकडे ठेवत नसे, पण सगळा संघ त्याच्या धावण्याच्या वाटा ओळखून खेळायचा. तो बचावाच्या पाठीमागून सरकला की पास तिथे आधीच निघालेला असे. त्याच वर्षी तो अमेरिकेत, एनबीएच्या साक्रामेंटो किंग्जकडे गेला. तिथे चेंडू डी'आरन फॉक्स आणि डोमांटास साबोनिस यांच्या हातात. वेझेन्कोव्हच्या वाट्याला ४२ सामने आले आणि त्यातली थोडीथोडी मिनिटं. पुढच्या उन्हाळ्यात तो पिरियसला परतला आणि पुन्हा पहिल्यासारखा खेळू लागला. मधल्या काळात त्याच्या मनगटाला काही झालं नव्हतं, नेमही चुकलेला नव्हता.

हे का होतं ते समजून घ्यायला नियमांकडे जावं लागतं. मला हे नियम वाचायला आवडतात, कारण माणसांची नशिबं त्यांत लिहिलेली असतात. युरोलीगचा सामना ४० मिनिटांचा, एनबीएचा ४८. युरोपात पाचव्या फाऊलला खेळाडू बाहेर, अमेरिकेत सहाव्या. तीन गुणांची रेषा युरोपात ६.७५ मीटरवर, अमेरिकेत समोरून ७.२४ मीटरवर; फक्त कोपऱ्यात ती बास्केटच्या जवळ येते, म्हणून तर तिथे माणूस उभा करतात. पण खरा फरक बास्केटखालच्या त्या रंगवलेल्या चौकोनात आहे. अमेरिकेत बचाव करणारा खेळाडू समोर प्रतिस्पर्धी नसताना तिथे तीन सेकंदांहून जास्त थांबू शकत नाही. युरोपात असं बंधन नाही. उंच सेंटर तिथे सामनाभर ठाण मांडून बसतो.

एवढ्या एका गोष्टीने सगळं बदलतं. युरोपात बास्केटकडे जाणारी वाट बंद असते, नुसत्या वेगाने ती उघडत नाही. तिथे ती उघडणारा माणूस लागतो: स्क्रीन घेऊन वळणारा, दोन बचावपटूंना आपल्याकडे ओढणारा, आणि ते दोघे आले की तिसऱ्याला चेंडू देणारा. तो फार वेगवान नसला तरी चालतं, फार उंच उडी मारणारा नसला तरी चालतं. अमेरिकेत मैदान मोकळं, त्यामुळे समोरच्या एका माणसाला एकट्याने हरवू शकणाऱ्याला मोल. आणि बचावातही तुम्ही एकटे. ज्याचे पाय मंद, त्याला शोधून शोधून पुन्हा पुन्हा कोंडीत पकडलं जातं. लुका डॉन्चिच माद्रिदहून डॅलसला गेल्यावर मोकळेपणाने म्हणाला होता, की गुण मिळवणं युरोपापेक्षा इथे सोपं आहे. ते खरंच आहे; युरोलीगच्या शेवटच्या हंगामात सामन्यामागे १६ गुण करणारा तो मुलगा एनबीएच्या पहिल्याच वर्षी २१.२ वर पोचला. पण डॅलसने त्याच्या हातात पहिल्या वर्षापासून चेंडू दिला होता, हेही त्याच श्वासात सांगायला हवं.

मिलोश तेओदोसिचला तो तसा मिळाला नाही. माझ्या मते त्याच्याइतका सुंदर पास देणारा माणूस त्या पिढीत युरोपात नव्हता. २०१० मध्ये युरोलीगचा सर्वोत्तम खेळाडू, २०१६ मध्ये मॉस्कोच्या सीएसकेएकडून विजेता. तिशी गाठल्यावर २०१७ साली तो लॉस एंजेलिस क्लिपर्सकडे गेला. तळपायाच्या दुखापतीने त्याचं पहिलं वर्ष खाल्लं, ४५ सामने झाले. दुसरं वर्ष पुरं व्हायच्या आत तो संघाबाहेर पडला आणि नंतर बोलोन्याला गेला. तो अमेरिकेत होता तेवढ्या दिवसांत त्याचे काही पास मी कितीदा मागे नेऊन पाहिले असतील! ते तसेच होते. फक्त ते देण्याची पाळी त्याच्यावर कमी वेळा येत होती.

या सगळ्यांच्या आधी ड्राझेन पेट्रोविच होता, आणि त्याची गोष्ट सांगताना मला अजून घाई करता येत नाही. शिबेनिक नावाच्या ॲड्रियाटिक किनाऱ्यावरच्या गावातला हा मुलगा. झाग्रेबच्या चिबोनाबरोबर १९८५ आणि १९८६ असा सलग दोनदा युरोपचा विजेता. १९८९ साली रेआल माद्रिदकडून अथेन्समधल्या एका अंतिम सामन्यात त्याने एकट्याने ६२ गुण केले. त्याच वर्षी तो पोर्टलंडला गेला. तिथे त्याच्या जागी क्लाइड ड्रेक्सलर होता, जोडीला टेरी पोर्टर. संघ चांगला होता, १९९० च्या अंतिम फेरीपर्यंत गेला. त्या संघाला पेट्रोविचची गरज सामन्यामागे बारा-तेरा मिनिटांची होती. ज्याने बासष्ट गुण केले त्याची सरासरी साडेसातच्या घरात आली. पुढच्या हंगामात मिनिटं आणखी आटली.

युरोपात परतला असता तर कुणी बोट ठेवलं नसतं. तो परतला नाही. जानेवारी १९९१ मध्ये तो न्यू जर्सी नेट्सकडे गेला, हरणाऱ्या संघाकडे. तिथे त्याला मैदान मिळालं, चेंडू मिळाला. १९९२-९३ च्या हंगामात सामन्यामागे २२.३ गुण. त्याआधीच्या उन्हाळ्यात बार्सिलोनाच्या ऑलिंपिकमध्ये क्रोएशियाला त्याने अंतिम सामन्यापर्यंत नेलं. बाकावरच्या दीड वर्षाने त्याला नवं काही शिकवलं का, हे मी अनेकदा स्वतःला विचारते. मला वाटतं, नाही. ६२ गुण करणारे हात आणि बाकावर मांडीवर ठेवलेले हात एकच होते. ७ जून १९९३ रोजी बव्हेरियातल्या महामार्गावर मोटार अपघातात तो गेला. वय २८.

टोनी कुकोच राष्ट्रीय संघातला त्याचाच सहकारी. जवळजवळ सात फूट उंच, आणि तरी स्प्लिटच्या संघात चेंडू वर आणायचा तोच. त्या संघाबरोबर त्याने १९८९, १९९० आणि १९९१ अशी तीन वर्षं युरोपचं विजेतेपद मिळवलं. शिकागो बुल्समध्ये आल्यावर तो बाकावरून उठून येणारा खेळाडू झाला. त्याच्या पहिल्याच हंगामातला १३ मे १९९४ चा सामना. न्यूयॉर्कविरुद्ध १.८ सेकंद उरलेले, गुण बरोबरीत. प्रशिक्षक फिल जॅक्सनने शेवटचा नेम कुकोचला दिला आणि संघाचा मोठा खेळाडू स्कॉटी पिपेन मैदानात उतरलाच नाही. शेवटचा चेंडू दुसऱ्याला दिला, हे त्याला सहन झालं नाही. कुकोचने तो नेम साधला. पिपेनला त्यासाठी आयुष्यभर दोष दिला गेला. मला मात्र त्या १.८ सेकंदांत पिपेनचं दुःख कळतं. युरोपातून आलेल्या अनेकांनी ते दुःख बाकावर बसून, गाजावाजा न करता, महिनोन्‌महिने सोसलेलं असतं. कुकोचनेही. पुढे १९९६ मध्ये तो एनबीएचा सर्वोत्तम राखीव खेळाडू ठरला आणि बुल्सच्या पुढच्या तीन विजेतेपदांत त्याचा वाटा होता.

युरोपात बाकावरून येणं एवढं टोचत नाही, हेही सांगायला हवं. तिथे राज्य प्रशिक्षकाचं. झेल्को ओब्रादोविचने पाच वेगवेगळ्या संघांना मिळून युरोपची नऊ विजेतेपदं मिळवून दिली. त्याच्या ओरडण्यापुढे मोठमोठे खेळाडू मान खाली घालून उभे राहिलेले मी पाहिले आहेत. मोठा खेळाडूही तिथे पंचवीस-तीस मिनिटंच खेळतो. थेओ पापालुकास सीएसकेएसाठी बहुधा बाकावरूनच यायचा, आणि २००७ साली युरोलीगचा सर्वोत्तम खेळाडूही तोच. त्याच्या आदल्या वर्षी १ सप्टेंबरला जपानमधल्या सैतामात ग्रीसने लेब्रॉन जेम्स, ड्वेन वेड आणि कार्मेलो अँथनीच्या अमेरिकेला १०१-९५ असं हरवलं. पापालुकास आणि वासिलिस स्पानुलिस स्क्रीनमागून पुन्हा पुन्हा तोच डाव खेळत राहिले आणि अमेरिकेला शेवटपर्यंत तो सोडवता आला नाही. स्पानुलिसने २२ गुण केले.

त्यानंतर काही आठवड्यांनी तो ह्यूस्टनला गेला. ३१ सामने, सरासरी २.७ गुण. वर्ष संपल्यावर तो ग्रीसला परतला, पुन्हा कधीही न जाण्यासाठी. अमेरिकेत तो जमला नाही, असं लोक म्हणाले. ह्यूस्टनमध्ये ट्रेसी मॅकग्रेडी होता, याओ मिंग होता. खेळ त्या दोघांभोवती बांधलेला. साथीला बसलेल्या तबलजीकडून तासाभराच्या स्वतंत्र वादनाची अपेक्षा कुणी करत नाही, आणि ते वाजलं नाही म्हणून त्याला कच्चाही ठरवत नाही. खेळात मात्र आपण हे सर्रास करतो.

उलट दिशेने जाणाऱ्यांकडे पाहिलं की हे आणखी स्पष्ट होतं. शेन लार्किन बॉस्टनमध्ये कायरी अर्विंगसारख्यांच्या मागे थोडा वेळ खेळायचा. २०१८ साली तो इस्तंबूलच्या अनादोलू एफेसमध्ये गेला. हा संघ आदल्या हंगामात युरोलीगमध्ये तळाला होता. पुढच्याच मोसमात एफेस अंतिम सामन्यात पोचलं. नोव्हेंबर २०१९ मध्ये लार्किनने बायर्न म्युनिकविरुद्ध ४९ गुण केले, युरोलीगच्या इतिहासातला तोवरचा विक्रम. त्याच्या जोडीला वासिलिये मित्सिच होता. दोघांनी मिळून २०२१ आणि २०२२ ची विजेतेपदं जिंकली. मग मित्सिच ओक्लाहोमाला गेला आणि शाय गिल्जस-अलेक्झांडरच्या मागे बसला. बॉस्टनच्या बाकावरचा माणूस इस्तंबूलमध्ये राजा झाला, आणि इस्तंबूलचा दुसरा राजा ओक्लाहोमाच्या बाकावर गेला. दोघांच्या कौशल्यात उणंअधिक शोधणाऱ्याने एफेसचे ते सामने पाहावेत.

हे सगळं फार दूरचं वाटू नये. ऑक्टोबर २०१९ मध्ये वरळीच्या डोममध्ये किंग्ज आणि पेसर्स खेळायला आले, तेव्हा किंग्जच्या संघात नेमान्या ब्येलित्सा होता, २०१५ सालचा युरोलीगचा सर्वोत्तम खेळाडू. मुंबईतल्या त्या गर्दीत त्याला त्या नात्याने ओळखणारे फार नसावेत. पोस्टरवर इतरांचे चेहरे होते.

आता दोन माणसं, ज्यांच्याविषयी मला सर्वांत जास्त आदर आहे. पी. जे. टकर टेक्सस विद्यापीठाचा गुण मिळवणारा खेळाडू. टोरोंटोने घेतला, १७ सामन्यांनंतर सोडला. मग पाच वर्षं इस्राएल, युक्रेन, ग्रीस, इटली, जर्मनी. बाम्बर्गला २०१२ मध्ये जर्मन विजेतेपद मिळालं, त्यात निर्णायक वाटा त्याचा. एवढं करून तो एनबीएत, फिनिक्सच्या संघात, परतला, आणि परत मिळवलेल्या जागेसाठी त्याने गुण मिळवणं बाजूला ठेवलं. समोरच्या संघाच्या सर्वांत धोकादायक माणसाला अडवायचं आणि कोपऱ्यात उभं राहायचं, एवढंच काम त्याने दहाहून अधिक वर्षं केलं. २०२१ साली, ३६ व्या वर्षी, मिलवॉकीबरोबर तो विजेता झाला. त्याने कोपरा स्वतः निवडला होता, आणि तिथे तो कधीही उपरा दिसला नाही.

दुसरा काईल हाइन्स. तोही अमेरिकन, उंची साडेसहा फूट आणि जागा सेंटरची. एनबीएला हे गणित पटलं नाही. तो तिथे एकही सामना खेळला नाही. युरोपात त्याने आपल्याहून अर्धा फूट उंच माणसांना अडवलं आणि ऑलिम्पियाकोस व सीएसकेएबरोबर प्रत्येकी दोन, अशी चार विजेतेपदं मिळवली.

त्यातलं पहिलं १३ मे २०१२ चं, इस्तंबूलमधलं. ऑलिम्पियाकोस १९ गुणांनी मागे, समोर तेओदोसिच आणि एनबीए गाजवून आलेल्या आंद्रेई किरिलेन्कोचं सीएसकेए. हळूहळू फरक एका गुणावर आला. शेवटच्या काही सेकंदांत चेंडू स्पानुलिसकडे. बचाव त्याच्यावर धावला, आणि त्याने तो यॉर्गोस प्रिंतेझिसला दिला. प्रिंतेझिसने बास्केटखालच्या गर्दीवरून तो उचलून टाकला. एका सेकंदाहूनही कमी वेळ उरला होता. ६२-६१. ज्याच्या हातात सगळा खेळ होता त्याने शेवटी चेंडू सोडला, कारण वाट उघडणं हेच त्याचं काम होतं.

कुणी तुम्हाला सांगेल की स्पानुलिस अमेरिकेत अपयशी ठरला. ह्यूस्टनचे ते आकडे खरे आहेत, नाकारू नका. पण मत बनवण्याआधी त्या सामन्याची शेवटची बारा मिनिटं शोधून पाहा, आणि एकदा तरी नजर चेंडूवर न ठेवता फक्त स्पानुलिसवर ठेवा.