मिस्त्रींचं देणं

एम.एस्सी. कोल्हापूरला केलं, तिथल्या सरांचं ऋण आहेच. पण ज्या बर्नुलीच्या सिद्धांतावर मी पेपर लिहून मार्क मिळवले, तो मला समजला साताऱ्यात, पोवई नाक्याच्या पलीकडच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये. समजावणारे सातवी शिकलेले. सगळे त्यांना मिस्त्री म्हणत, मीही तेच म्हणते.

कॉलेजात नुकतीच लागले होते. वडिलांची बजाज चेतक माझ्याकडे आली होती आणि यवतेश्वरचा घाट चढताना ती हटकून बंद पडायची. जरा वेळ उभी केली की पुन्हा चालू. एका नावाजलेल्या गॅरेजने कार्ब्युरेटर साफ केला, जेट बदलला, प्लग बदलला, बिल लावलं. दुखणं जागच्या जागी. मिस्त्रींनी गाडीला हातही लावला नाही. म्हणाले, बंद पडली की टाकीचं झाकण उघडा, फुस्स आवाज येतोय का बघा. आला. झाकणातलं बारीक भोक ऑइल आणि धुळीने बुजलं होतं. टाचणीने मोकळं केलं आणि गाडी घाट एका दमात चढली.

‘‘पेट्रोलला कुणी ओढत न्हाय ताई. वरनं हवा दाबती म्हणून ते खाली सरकतं. तिलाच आत यायला वाट न्हाय, मग दाबणार कोण?’’

पैसे विचारले. ‘‘पाना लावला न्हाय, पैसं कशाचं?’’

मी वर्गात ‘इंजिन पेट्रोल खेचतं’ असंच सांगत होते. पुस्तकंही तसंच सांगतात. मग एका रविवारी त्यांनी जुना कार्ब्युरेटर माझ्यासमोर खोलला. मधे अरुंद होत गेलेला गळा. इंजिन हवा घेतं, ती या गळ्यातून जाताना वेग धरते आणि तिथला दाब उतरतो, हाच तो बर्नुलीचा सिद्धांत. शेजारच्या फ्लोट चेंबरमधल्या पेट्रोलवर मात्र बाहेरच्या हवेचा पुरता दाब. या फरकामुळे पेट्रोल जेटमधून वर ढकललं जातं आणि तुषार होऊन हवेत मिसळतं. चेंबर भरला की गच्चीवरच्या टाकीतल्या बॉलसारखा फ्लोट वर येतो, पिन बसते, पेट्रोल थांबतं. पिन झिजली की गाडी ओव्हरफ्लो होते.

जेटवर कोरलेला आकडा म्हणजे बहुतेकदा भोकाचा व्यास, मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत. म्हणून जेटमध्ये तार घालणाऱ्या पोराला शिव्या पडत. पितळ मऊ, भोक केसभर वाढलं तरी गाडी पेट्रोल प्यायला लागते. तिथे फक्त फुंकर चालते.

एक भाग पेट्रोलला वजनाने साधारण १४.७ भाग हवा, हे मी त्यांना सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि प्लग काढून दाखवला. काजळी धरलेला म्हणजे पेट्रोल जास्त, पांढराफटक म्हणजे हवा जास्त, बिस्किटी रंग आला की जमलं. महाबळेश्वरला, सुमारे १,३५० मीटर उंचीवर, पर्यटकांच्या गाड्या का गुदमरतात हेही प्लगवरच वाचायला शिकले. वर हवा विरळ, जेट तोच, म्हणून मिश्रण दाट.

तो कार्ब्युरेटर त्यांनी हॅक्सॉने उभा चिरून मला दिला. बर्नुलीचा ग्रंथ १७३८ चा, फवारा मारणाऱ्या कार्ब्युरेटरचं बांकी आणि चोंका यांचं हंगेरीतलं पेटंट १८९३ चं, वगैरे मी फळ्यावर लिहिते. मुलं त्याकडे बघत नाहीत. बाकांवरून हातोहात फिरणाऱ्या त्या चिरलेल्या तुकड्याच्या गळ्यात बोट घालून बघतात.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे प्रदूषणाचे नियम आले आणि नव्या दुचाकींतून कार्ब्युरेटर जवळपास गेलाच. मिस्त्री आता शेडमध्ये नुसते बसतात, काम मुलगा बघतो. परवा गेले तर मला पुढ्यात बसवून विचारू लागले. इंजेक्टरला घाट कळतो का? म्हटलं, कळतो, हवेचा दाब मोजणारा सेन्सर असतो, त्यावरून कॉम्प्युटर पेट्रोल कमी करतो.

‘‘आन् टाकीला हवा?’’

म्हटलं, ती वाट ठेवलीय, पण पेट्रोलची वाफ बाहेर जाऊ नये म्हणून ती कोळशाच्या डबीतून काढलीय.

मिस्त्रींनी चष्मा पुसला. ‘‘मग त्यो कोळसा बुजला तर?’’

मी मुलाकडे बघितलं, मुलाने माझ्याकडे. मिस्त्री तोवर उठून दारातल्या नव्या गाडीची सीट उचलायला निघाले होते.