आधी टेकव, मग काप

लाकूड फिरवत ठेवून त्याला गोल आकार देण्याच्या कामाला मराठीत कातकाम म्हणतात आणि ते काम करणाऱ्याला कातारी. आपण घरी उर्दूत याच कामाला खराद म्हणतो. हा शब्द अरबी भाषेतील 'खर्रात' या शब्दावरून आला. खर्रात म्हणजेही कातारीच! भाषा निराळ्या, पण काम एकच. लाटणे, भोवरा, पलंगाचे पाय, पाळण्याचे दांडे, बुद्धिबळातील प्यादी ही सारी या एकाच कामाची लेकरे आहेत. काम फार जुने आहे. इजिप्तमधील पेटोसिरिस नावाच्या धर्मगुरूच्या थडग्यात इ. स. पूर्व 300 च्या सुमाराचे एक कोरीव चित्र आहे. त्यात एक माणूस दोरी ओढून लाकूड फिरवतो आहे आणि दुसरा त्या लाकडाला हत्यार लावून बसला आहे.

मी हे काम शिकले ते माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाकडून. आम्ही त्यांना बडे अब्बा म्हणतो. मालेगावात आमच्या घराच्या अंगणात पत्र्याची एक शेड आहे. तिच्यात त्यांचे यंत्र आहे. पूर्वी ते पायाने चालवत. पुढे त्याला विजेची मोटर बसवली. माझे बी. एड. झाले, मी शाळेत शिकवू लागले, तरी रविवारची सकाळ मी त्या शेडमध्येच घालवीत असे. आधी नुसती पाहत बसे. एके दिवशी बडे अब्बा म्हणाले, "बेटी, पाहून पोहता येत नाही. ओढणी काढून खुंटीला लाव, बाह्या घट्ट कर आणि इकडे ये."

ओढणी, मफलर, सैल बाही, गळ्यातील साखळी, मोकळे केस यांपैकी काहीही फिरत्या लाकडाजवळ चालत नाही. लाकूड ते क्षणात गुंडाळून घेते आणि त्याबरोबर माणसालाही ओढते. हातमोजेसुद्धा घालायचे नाहीत. चेहऱ्यासमोर पारदर्शक ढाल मात्र हवीच. यंत्र सुरू करण्याआधी लाकूड एकदा हाताने पूर्ण फिरवून पाहायचे. ते कुठे अडत नाही ना, दोन्ही टोकांना घट्ट बसले आहे ना, याची खात्री करायची. हे सारे झाल्याशिवाय बडे अब्बा बटणाला हात लावू देत नसत.

मणी, गळे, खाचा असे नाजूक आकार करायला जे हत्यार लागते ते म्हणजे गोल पटाशी. पोलादाच्या गोल दांडीला वरून एक उथळ पन्हळ पाडलेली असते. तिचे टोक बोटाच्या नखासारखे गोलसर घासलेले असते. टोकाला धार असते आणि धारेच्या मागे घासून केलेला उतार असतो. या उताराच्या मागच्या कडेला बडे अब्बा 'टाच' म्हणत. लाकडासमोर एक आडवी लोखंडी पट्टी असते, तिचे नाव टेका. पटाशी टेक्यावर ठेवूनच चालवायची. टेका लाकडाच्या इतका जवळ हवा की मध्ये करंगळीसुद्धा जाऊ नये. लाकूड बारीक होत गेले की टेका पुढे सरकवायचा, पण यंत्र बंद करून.

नवशिक्याला वाटते की या कामाला जोर लागतो. पाच सेंटिमीटर जाडीचे लाकूड मिनिटाला 1500 फेरे घेत असेल, तर दर सेकंदाला जवळजवळ चार मीटर लाकूड धारेसमोरून निघून जाते. जोर यंत्राकडे भरपूर असतो. माणसाने द्यायची असते ती दिशा. माणूस जोर लावू लागला की नेमकी दिशा बिघडते.

बडे अब्बांचा सारा धडा चार शब्दांचा होता : आधी टेकव, मग काप. पटाशी प्रथम टेक्यावर टेकवायची. मूठ खाली ठेवून उताराची टाच फिरत्या लाकडावर टेकवायची. या वेळी काहीच कापले जात नाही. पोलाद लाकडावर नुसते घासते. मग मूठ हळूहळू वर उचलायची. घासता घासता उतार पूर्ण टेकतो आणि एका क्षणी धार लाकडाला लागते. तेव्हा बारीक, लांब सालपी वळत वळत बाहेर येऊ लागते. उतार मागून आधार देत असतो, म्हणून धार हवी तेवढीच आत जाते.

हा आधार सुटला तर काय होते, ते त्यांनी मला एका निरुपयोगी काठीवर मुद्दाम दाखवले. त्यांनी पटाशीचा उतार लाकडावरून उचलला आणि पन्हळीची वरची कड लाकडाला लावली. 'खट्ट' असा मोठा आवाज झाला, हत्याराला हिसका बसला आणि काठीवर मळसूत्रासारखी वाकडी जखम उमटली. "पाहिलेस?" ते म्हणाले. "लाकूड वैरी नाही. धार एकटी पडली, म्हणून त्याने तिला ओढून नेले."

पहिल्या दोन रविवारी त्यांनी मला मोटर सुरू करू दिली नाही. लाकूड ते स्वतः हाताने हळूहळू फिरवत आणि मी पटाशी धरत असे. टाच कुठे आहे, उतार कधी टेकला, धार कधी लागली, हे त्या मंद गतीत डोळ्यांना दिसत होते आणि बोटांना कळत होते. वर्गात मी नवीन शब्द फळ्यावर अक्षर अक्षर फोडून दाखवते. ती पद्धत मी बी. एड.च्या वर्गात शिकले होते. बडे अब्बा चौथीच्या पुढे शाळेत गेले नव्हते, पण शिकवण्याची तीच पद्धत त्यांच्या हातात होती.

दुसरा नियम होता उताराचा. कापायचे ते नेहमी जाड भागाकडून बारीक भागाकडे, म्हणजे चढावरून खाली. याचे कारण समजायला पेन्सिल आठवा. चाकूने पेन्सिल करताना आपण जाड भागाकडून टोकाकडे कापतो. त्या दिशेने कापताना प्रत्येक तंतूला खालच्या तंतूंचा आधार असतो. उलट कापले तर तंतू उचलले जातात आणि लाकूड खरबरीत होते. म्हणून मणी करताना सुरुवात मध्यावर, सर्वांत उंच जागी करायची. तेथे पन्हळ आभाळाकडे असते. मग मूठ उचलत आणि मनगटाने पटाशी वळवत बाजूच्या खाचेत उतरायचे. खाचेत पोचेपर्यंत पन्हळ पूर्ण कुशीवर वळलेली असते. मण्याची दुसरी बाजू करायला पुन्हा मध्यावर यायचे. खोलगट गळा करताना क्रम उलटा. पन्हळ कुशीवर, गळ्याच्या मध्याकडे तोंड करून सुरुवात करायची, खाली उतरताना ती हळूहळू उघडायची आणि तळाशी थांबायचे. समोरचा चढ त्याच झपाट्यात चढून जाण्याचा मोह फार होतो, पण तेथे थांबायचेच. मग दुसऱ्या बाजूने उतरत तळाशी येऊन मिळायचे.

मूठ कमरेजवळ धरली की हत्याराबरोबर सारे शरीर सावकाश झुलते आणि रेषा सलग येते. धार बोथट झाली की सालपीऐवजी भुसा उडू लागतो. सागाच्या लाकडात वाळूसारखा कठीण अंश असतो, म्हणून सागावर धार लवकर मरते. भुसा दिसताच थांबून धार लावायची. जोर वाढवायचा नाही.

मग सराव. एका काठीवर ओळीने वीस मणी करायचे, यंत्र थांबवून पाहायचे, पुन्हा सारे कापून काठी सपाट करायची आणि पुन्हा वीस. मी एकदा विचारले, "बडे अब्बा, यातला एक तरी ठेवू का?" ते म्हणाले, "ठेव ना, हातात ठेव!"

2018 च्या उन्हाळ्यात या सरावाची खरी परीक्षा आली. आमच्या भागात एक जुने वाचनालय आहे. त्याच्या लाकडी जिन्याला कातीव खांबांचा कठडा आहे. खांब अठ्ठावीस. त्यांतले चार मोडले होते आणि त्या फटीतून एखादे मूल खाली पडेल अशी भीती होती. सारा कठडा काढून लोखंडी नळ्या बसवाव्यात, असे व्यवस्थापकांचे मत झाले. हे ऐकून बडे अब्बा दोन दिवस नीट जेवले नाहीत. ते अठ्ठावीस खांब त्यांच्या वडिलांनी, म्हणजे माझ्या आजोबांनी कातले होते. ते व्यवस्थापकांकडे गेले आणि एक महिन्याची मुदत मागून आले.

पण आता त्यांची दृष्टी राहिली नव्हती. काचबिंदूने एक डोळा गेला होता आणि दुसऱ्याला फक्त उजेड-अंधार कळत होता. घरी आल्यावर ते मला म्हणाले, "हात तुझे, कान माझे."

आम्ही एक शाबूत खांब काढून आणला. एका सपाट पट्टीवर मी त्याच्या प्रत्येक मण्याची, गळ्याची, खाचेची जागा आखून घेतली आणि कॅलिपरने जाडी मोजून शेजारी लिहिली. जुन्या सागाचे चार तुकडे मिळाले. कर्णरेषा आखून त्यांचे मध्य काढले. मोठ्या पटाशीने चौकोनी तुकडे गोल केले. अरुंद चपट्या पटाशीने ठरलेल्या जागी ठरलेल्या खोलीपर्यंत चिरा पाडल्या. मग गोल पटाशी हातात घेतली.

बडे अब्बा स्टुलावर बसून ऐकत होते. उतार टेकलेला असताना लाकडातून 'सर्र' असा एकसारखा आवाज येतो. तो जरा फाटला की ते म्हणत, "मूठ वर गेली." आवाज जड झाला की म्हणत, "धार लाव." मी गळ्याच्या तळाशी पोचले की मी सांगण्याआधीच ते म्हणत, "थांब!" एकेका खांबाला एकेक रविवार गेला. चौथा खांब यंत्रावरून उतरला तेव्हा मुदतीचे तीनच दिवस उरले होते.

खांब बसवल्यावर बडे अब्बा जिन्याच्या पायथ्याशी उभे राहिले आणि प्रत्येक खांबावर हात फिरवत वर चढू लागले. आम्ही सारे गप्प होतो. अकराव्या खांबापाशी ते थांबले. "हा नवा," ते म्हणाले. व्यवस्थापकांनी विचारले, "काही उणे आहे का?" बडे अब्बा हसले. "उणे काही नाही. खाचा अजून तीक्ष्ण आहेत एवढेच. मुलांचे हात लागू देत, होतील मऊ."

कठडा राहिला. त्यानंतर मी एक वही केली. तिच्यात एका बाजूला बडे अब्बांचे उर्दू शब्द आहेत, दुसऱ्या बाजूला त्यांचे मराठी अर्थ आणि खाली हत्यार धरण्याच्या आकृत्या. ज्ञान केवळ एका माणसाच्या हातात राहिले तर ते त्या हाताबरोबर जाते, हे मला त्या उन्हाळ्यात कळले.

आता रविवारी आमच्या शाळेतील दोन मुली आणि तीन मुले अंगणात येतात. बडे अब्बा स्टुलावर बसलेले असतात. मुलांना मोटर सुरू करण्याची फार घाई असते. मोटर बंदच राहते. मी लाकूड हाताने हळूहळू फिरवते आणि म्हणते, "आधी टेकवा."