तंजावरची माणसे, स्टुटगार्टचा रस्ता

तंजावरास येणाऱ्या मराठी माणसाचे पाऊल प्रथम बृहदीश्वराच्या मंदिराकडे वळते. तेथील भिंतीवर १८०३ साली कोरलेले भोसले घराण्याचे मराठी चरित्र पाहिले, की आपण कावेरीच्या मुलखात आहोत याचा क्षणभर विसर पडतो. व्यंकोजीराजांनी १६७६ च्या सुमारास येथे राज्य स्थापिले. दख्खनच्या माळांवर दौडणाऱ्या घोड्याला ही भूमी परकीच म्हणावयाची! मुलूख सपाट खरा, पण जिकडेतिकडे कालवे, भाताची खाचरे आणि चिखल. येथे बैलगाडीच बरी. तमिळ लोक तिला 'वंडी' म्हणतात आणि मोटारीलाही वंडीच. आपल्या 'गाडी'सारखाच हा शब्द पिढ्यानपिढ्या नव्या चाकांना पुरत आला आहे.

राजवाड्याजवळच्या एका मराठी घरी आम्ही गेलो, तेव्हा तेथेही गाडीचीच चर्चा रंगली होती. घरचे जावई अभियंते. त्यांना जर्मनीत स्टुटगार्ट येथे नोकरी मिळाली असून पत्नी व दोन मुलांसह ते लवकरच निघणार होते. मुलांचा हट्ट असा, की अंगणातील लहान मोटार जहाजातून बरोबर न्यावी. पण तिचे चक्र उजवीकडे, आणि तेथील वाहतूकही रस्त्याच्या उजव्या बाजूने. अशा वेळी पुढचा मालमोटार ओलांडताना समोरून काय येत आहे, हे चालकास दिसावे कसे? त्यात जहाजाचे भाडे, तपासणी आणि नोंदणी यांचा व्याप. मुलांना गप्प बसावे लागले.

मग नवी गाडी कोणती? स्टुटगार्ट टेकड्यांनी वेढलेल्या खोलगट जागी वसले आहे. तंजावरात ज्याने कधी चढ पाहिला नाही, त्याने तेथील उतारावर गाडी थांबवून पुन्हा चालू करणे ही एक परीक्षाच. तेव्हा आपोआप गिअर बदलणारी गाडी बरी, असे जावयांचे मत पडले. बर्फाच्या दिवसांत हिवाळी टायर लावण्याचे तेथे कायद्याने बंधन आहे. शहरात शिरावयाचे तर धुराच्या प्रमाणाची हिरवी चिठ्ठी काचेवर हवी. जुनी गाडी घेताना तिची दोन वर्षांनी होणारी सरकारी तपासणी केव्हा झाली, हेही पाहावे लागते.

खरा पेच निराळाच होता. बारा वर्षांखालील आणि दीड मीटरहून कमी उंचीच्या मुलाला तेथे मोटारीत खास आसन लागते. लहान मोटारीत अशी दोन आसने मागे बसविली, की मध्ये जेमतेम वीतभर जागा उरते. आजीबाई इतका वेळ भाजी निवडीत ऐकत होत्या. त्यांनी विचारले, "मग मी आले म्हणजे कोठे बसावयाचे?" त्यांच्यासाठी आगगाडी आहे, असे कोणीतरी म्हणाले. त्यावर कोणी काही बोलले नाही. लेकीचे घर पाहावयास जायचे आणि फिरावयास निघताना त्या घरच्या गाडीत आपल्याला जागा नसायची, हे त्या म्हातारीला कसे रुचावे?

आम्हांला बर्था बेंझबाईंची गोष्ट आठवली. १८८८ साली त्या दोन मुलांना घेऊन, पतीला न विचारता, त्यांनीच बनविलेल्या तीनचाकी मोटारीतून मानहाइमहून फोर्ट्सहाइमला गेल्या. वाटेत विस्लोखच्या औषधाच्या दुकानातून त्यांनी इंधन घेतले. मोटारीचा हा पहिला लांबचा प्रवास, आणि तो आईच्या घरी जाण्यासाठी! फोर्ट्सहाइम स्टुटगार्टपासून फार दूर नाही, हे ऐकून आजीबाईंची कळी खुलली.

शेवटी फोक्सवॅगनच्या टूरानसारखी, मागे तीन स्वतंत्र आसने असलेली वापरलेली गाडी घ्यावी, असे ठरले. घाई मात्र नाही. भारतीय परवाना तेथे राहावयास गेल्यापासून सहाच महिने चालतो. तेवढ्यात तेथील परीक्षा द्यावयाची, एक हिवाळा पाहावयाचा, तोवर शहरातील रेल्वेनेच हिंडावयाचे.

आजीबाईंनी आपला बेत तेवढ्यात ठरवूनही टाकला. मेट्टूर धरणाचे पाणी कावेरीत सोडण्याची परंपरागत तारीख १२ जून. ते पाणी आपल्या खाचरांत पोहोचलेले पाहिले, की त्या निघणार आहेत.