खुर्चीचं वजन, माळवदाचं वजन

जिओ पोन्ती या इटालियन वास्तुविशारदाची 'सुपरलेजेरा' ही लाकडी खुर्ची अवघी 1.7 किलोची आहे. मिलानजवळच्या मेदा इथल्या कासिना कंपनीनं ती 1957 साली बाजारात आणली आणि आजही ती बनते. धडधाकट माणूस तिच्यावर निर्धास्त बसतो आणि उठल्यावर ती एका बोटावर उचलून बाजूला ठेवतो. लाकडी चौकटी हाच माझा व्यवसाय आहे. या खुर्चीचा विचार करायला बसलो की मन हटकून माकणीकडे, माझ्या आजोळी जातं.

माकणी धाराशिव जिल्ह्याच्या लोहारा तालुक्यात, तेरणेच्या काठी. निम्न तेरणा धरण इथलंच. जवळ सास्तूर, पलीकडे लातूर जिल्ह्यातली किल्लारी. या पट्ट्यातलं जुनं घर म्हणजे काळ्या दगडाच्या, मातीत रचलेल्या रुंद भिंती आणि वर माळवद. तुळयांवर किलचनं म्हणजे बारीक आडवी लाकडं, किलचनांवर मातीचा थर, उजेडासाठी मधे साणं. उन्हाळ्यात अशा घरात शिरल्यावर जो गारवा मिळतो तो सिमेंटच्या छताखाली कधीच मिळत नाही. ही घरं अडाणीपणानं बांधलेली होती असं कुणी म्हणालं की मला राग येतो. हवामान ओळखून, हाताशी असलेल्या सामानातून ती उभी राहिली होती.

दोष साचत गेला तो वर. गळू नये म्हणून पावसाळ्याच्या तोंडावर माळवदावर पांढरी माती टाकायची, धुमसून बसवायची. खालची जुनी माती मात्र कुणी उतरवत नसे. पिढ्यान्‌पिढ्या असं चालल्यावर थर अर्ध्या मीटरच्या पुढे गेले, काही घरांत पाऊण मीटरपर्यंत. दाबलेली माती घनमीटरला साधारण 1600 किलो भरते. साठ सेंटीमीटरचा थर धरला तर एका चौरस मीटरवर 960 किलो. दहा बाय दहा फुटांच्या खोलीत झोपलेल्या कुटुंबाच्या डोक्यावर जवळजवळ नऊ टन.

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी, गणपती विसर्जन करून माणसं गाढ झोपलेली असताना भूकंपात हा भार हलला. सुमारे आठ हजार माणसं गेली. भूकंपाचा धक्का इमारतीला बसतो तो तिच्या वजनाच्या प्रमाणात, म्हणजे जितकी माती अधिक तितका आडवा रेटा अधिक. भिंतीही आतून पोकळच होत्या. आत एक थर, बाहेर एक थर, मधे दगडांचे तुकडे आणि माती; दोन्ही थरांना आरपार बांधणारा दगड नाही. त्या दोन बाजूंना फाकल्या आणि कोसळल्या.

पण नंतर पाहणी करणाऱ्या अभियंत्यांनी आणखी एक गोष्ट नोंदवली, आणि माझ्या मते ती लोकांपर्यंत पोचायला हवी होती तशी पोचली नाही. ज्या घरांत आत खणांची चौकट होती, म्हणजे उथळ्यांवर (बुडाच्या दगडांवर) उभे लाकडी खांब आणि खांबांवर तुळया, त्यांपैकी कित्येक घरांच्या भिंती बाहेर पडल्या तरी खण उभे राहिले. भार खांबांवर होता, भिंतींवर नव्हता. आमच्या सुतारांना हे माहीत होतंच. म्हणून तर घर किती खणांचं आहे यावर त्याची मोजदाद व्हायची.

आता पोन्तीकडे. जन्म 1891, मिलान. 1921 साली तिथल्याच पॉलिटेक्निकमधून पदवी. 1928 मध्ये त्यानं 'दोमुस' हे नियतकालिक सुरू केलं. चिनी मातीची भांडी, कॉफीयंत्र, चर्च, हॉटेल, बगदादमधली सरकारी इमारत, काय काय केलं त्यानं. त्याच्या सुरुवातीच्या नक्षीदार कामावर माझा जीव नाही. मला भावतो तो पन्नाशी ओलांडल्यानंतरचा, एकेक गोष्ट काढून टाकत जाणारा पोन्ती.

सुपरलेजेराचं मूळ त्याच्या डोक्यातून निघालेलं नाही. इटलीच्या वायव्य किनाऱ्यावर क्यावारी नावाचं गाव आहे. तिथल्या देस्काल्झी नावाच्या सुतारानं 1807 च्या सुमारास, पॅरिसहून आणलेली एक खुर्ची समोर ठेवून, तिच्याहून बारीक आणि हलकी खुर्ची घडवली. गावात तिचा धंदाच उभा राहिला. पोन्तीनं ही गावची खुर्ची घेतली आणि वर्षानुवर्षं घासत बसला. 1952 मध्ये 'लेजेरा' आली, म्हणजे हलकी. पाच वर्षांनी सुपरलेजेरा.

तिचा पाय जवळून पाहा. ॲशच्या लाकडाचा, त्रिकोणी छेदाचा, बाजू साधारण 18 मिलीमीटर. समभुज त्रिकोण धरून क्षेत्रफळ काढलं तर 140 चौरस मिलीमीटर येतं. तेवढ्याच बाजूचा चौकोनी पाय 324 चा झाला असता. निम्म्याहून जास्त लाकूड गेलं. मागचे पाय बैठकीच्या वर किंचित मागे झुकतात, त्यामुळे पाठ टेकता येते. बैठक वेताच्या विणीची, म्हणजे तिथेही फळीचं ओझं नाही. सगळ्यात मोलाच्या आहेत त्या पायांना एकमेकांशी जोडणाऱ्या बारीक आडव्या दांड्या. माणूस खुर्चीत मागे रेलतो, कुशीवर वळतो, तेव्हा चौकट तिरकी व्हायला बघते. या दांड्या तिला तिरकं होऊ देत नाहीत. ही खुर्ची चौथ्या मजल्यावरून टाकून पाहिली आणि ती चेंडूसारखी उसळली, मोडली नाही, असं सांगतात. सांधे पाहिल्यावर मला ते पटतं.

लागेल तेवढंच सामान वापरायचं, हाच विचार त्यानं 127 मीटर उंचीच्या पिरेल्ली टॉवरमध्ये केला. अभियंता पिएर लुईजी नेर्वी सोबत होता. 1960 साली ती इमारत पुरी झाली. तिचे काँक्रीटचे मोठे आधार वर जाताना निमुळते होत जातात, कारण वर भार कमी असतो. 2002 मध्ये एक लहान विमान तिच्यात घुसलं. माणसं दगावली, मजल्यांची हानी झाली, पण इमारत उभी राहिली.

खुर्चीतल्या त्या आडव्या दांड्या मला खणात हव्या आहेत. आपला खांब उथळ्यावर नुसता टेकलेला असतो, तुळई खांबावर बसवलेली असते. उभा भार पेलायला हे पुष्कळ झालं. आडव्या रेट्याला मात्र तो सांधा सैल पडतो. भूकंपानंतर जागतिक बँकेच्या मदतीनं जो पुनर्वसन कार्यक्रम झाला त्यात यावर उपाय सांगितला होता. खांब आणि तुळईच्या कोपऱ्यात तिरपं लाकूड ठोकायचं, म्हणजे कोपरा त्रिकोण होऊन जखडला जातो. शिवाय माळवदावरची माती कमी करा, भिंतीत आरपार दगड घाला, असंही सांगितलं होतं. बावन्न गावं मात्र समूळ नव्या जागी हलली आणि लोकांना सिमेंटची घरं मिळाली. दगडाची धास्ती इतकी बसली होती की उरलेल्यांपैकीही अनेकांनी माळवदं उतरवून पत्रे टाकले. ती भीती मी समजू शकतो. ज्यांनी ढिगाऱ्यातून आपली माणसं काढली त्यांना अभियांत्रिकी सांगायला जाणं निर्दयपणाचं होतं. पण भिंतींबरोबर खणही मोडले गेले, शंभर वर्षांची सागवानी लाकडं जुन्या बाजारात विकली गेली, याचं दुःख जात नाही.

माकणी-सास्तूर भागात ज्यांच्याकडे अजून माळवद उभं आहे त्यांना मी सांगतो ते एवढंच. आधी वरची माती उतरवून तिचा थर वीतभर करा. साठ सेंटीमीटरचा थर असेल तर चौरस मीटरमागे सुमारे सहाशे किलो तिथेच कमी होतात. मग त्यावर पाणी अडवणारा पातळ थर द्या, म्हणजे दरवर्षी नवी माती टाकावी लागणार नाही. खांबाचं बूड तपासा, वाळवी लागली असेल तर तेवढाच तुकडा बदला. प्रत्येक कोपऱ्यात तिरपं लाकूड बसवा आणि खांब उथळ्याला लोखंडी पट्टीनं बांधा. भिंत शेवटी हाताळा, कारण ती पडली तरी छत खणांवर राहायला हवं. आतल्या बाजूला पडू नये म्हणून तिला सिमेंटचा पट्टा आणि आरपार दगड लागतीलच. हे काम गावातला जाणता सुतार आणि गवंडी मिळून करू शकतात, फक्त नकाशावर एखाद्या अभियंत्यानं सही करायला हवी. गारवा तेवढा राहणार नाही, थोडा कमी होईल. पण खोली सिमेंटच्या घरासारखी तापणार नाही, आणि खण जागेवर राहतील.