तीन बहिणी आणि एक कोयता

रात्री ‘द सिस्टर्स’ पाहिला. 1938चा, अनातोल लिटव्हाकचा. मोंटानातल्या तीन बहिणी, तिघींचे तीन संसार. लुईझ (बेटी डेव्हिस) एका बातमीदाराबरोबर पळून सॅन फ्रान्सिस्कोला जाते. तो पितो, नोकरी टिकवत नाही, शेवटी जहाजावर चढून निघूनच जातो. मग 1906चा भूकंप. त्यातूनही ती उभी राहते. आणि अखेर पुन्हा त्याच्याचकडे! मला अतोनात चीड आली.

झोप लागेना. सुमित्रा भावे-सुनील सुकथनकरांचा ‘दोघी’ (1995) आठवत राहिला. लग्नाच्या दिवशीच गौरीचा नवरदेव अपघातात जातो आणि ती अपशकुनी ठरते. तिला मुंबईच्या बाजारात ढकललं जातं. घर तिच्या पैशावर चालतं, पण घरात तिला जागा नाही. रेणुका दफ्तरदारचे डोळे विसरता येत नाहीत.

अशा मुली फक्त पडद्यावर नसतात. आमच्या बीडमध्ये ऊसतोडीला नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरतात. मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, जोडीवर मिळते. म्हणून तोडीला निघण्याआधी थोरल्या मुलीचं लग्न कोवळ्या वयातच उरकतात. मागं धाकटीला एकटं ठेवायची भीती, म्हणून तिचंही. नवऱ्यानं पिऊन मारलं तरी ती पोर उसाच्या फडावरून जाणार कुठं? उचल अजून फिटायची असते. लुईझनं निदान स्वतः निवडलं होतं.

वर्गातली मुलगी अचानक यायची थांबली, लग्नाची कुजबुज कानावर आली, तर कुणाची वाट पाहू नका. 1098 ही मुलांसाठीची हेल्पलाइन लावा.