खाऱ्या पाण्याची भिंत

आमचं वरवट बकाल खारपाणपट्ट्यातलं. विहिरीचं पाणी तोंडात धरवत नसे, आणि त्याच पाण्यानं आमच्या घरातली पहिली सिमेंटची भिंत भिजली. त्याआधी घर मातीचं, धाब्याचं. दिवाळी जवळ आली की आजी आणि काकू भिंती छाबायच्या, पांढऱ्या मातीनं पोतारायच्या.

विटांची खोली झाली ती कापसाच्या पैशातून. गिलाव्यावर सकाळ-संध्याकाळ पाणी मारायचं काम आम्हा भावंडांचं. तापल्या भिंतीवर पाणी पडताच उठणारा तो वास आम्ही अजून विसरलो नाही. रंग शेगावहून आला. डब्यावर हातात ब्रश घेतलेला गट्टू नावाचा पोरगा. आर. के. लक्ष्मण यांनी तो १९५४ साली काढला, हे फार नंतर कळलं. तेव्हा तो आमच्यातलाच एक होता.

आजा बाबांना म्हणाला, "भिताडाले एक पावसाया पाहू दे, मंग रंग लाव, बापू." पण घरात लग्न होतं. हिरवा ऑइल पेंट लागला, खोली आरशासारखी चमकली आणि पावसाळ्यात भिंतीला फोड आले. नखानं फोडला की आत पांढरी पूड. लोणा! आम्ही जिभेला लावून पाहिला. खारट. भिंतीतली ओल बाहेर पडताना क्षार घेऊन येते, आणि तेलाच्या रंगानं तिची वाटच बंद केली होती.

पुढच्या उन्हाळ्यात आज्याच्या म्हणण्याप्रमाणे झालं. रंग पत्र्यानं खरवडला, लोणा कोरड्या ब्रशनं झाडला. धुतला असता तर विरघळून परत भिंतीत गेला असता. मग डिस्टेंपर.

दारं मात्र आज्यानं रंगवायला कुणाला दिली नाहीत. गाठींवर आधी चपड्याचा हात, मग खडूची पूड जवसाच्या बेलतेलात मळून केलेली लांबी. ती कणकेसारखी मळायला आम्हाला मिळायची, आणि हाताचा जवसाचा वास दोन दिवस जात नसे. लांबी वाळली की पॉलिश पेपर, तोही लाकडाच्या रेषेनंच; आडवा हात फिरला की आजा मनगट धरायचा. डोळे मिटून फळीवर बोटं फिरवायची, कुठं अडलं नाही तरच रंग.

आजीनं सयपाकघराला रंग लावू दिला नाही. तिथं चुनाच. कळ्या पाण्यात पडल्या की ड्रम खदखदायचा; आजी आम्हाला दूर उभं करायची. रात्रभर मुरवून, फडक्यानं गाळून त्यात चिमूटभर नीळ आणि डिंकाचं पाणी. ओला असताना हात फसल्यासारखा दिसे. दुपारपर्यंत भिंत उजळत जायची. तिथं लोणा आला तरी झाडून पुन्हा चुना मारता येई.

त्या भिंतीला अजून चुनाच आहे. दिवाळीला जमलो की तिला टेकून जेवायला बसतो, आणि उठल्यावर एकमेकांची पाठ झटकतो.