नंदिगड्डे ते सॅन फ्रान्सिस्को

उत्तर कन्नड जिल्ह्यातील जोयडा तालुक्यात नंदिगड्डे हे गाव आहे. कानडीत ‘गद्दे’ म्हणजे भातशेत, आणि गावही नावासारखेच आहे. भोवती सह्याद्रीचे रान, सुपारीच्या बागा, पावसाळ्यात तर आभाळ जणू कौलांवर टेकलेले. गेल्या खेपेस आम्ही तेथे गेलो तेव्हा आप्तांच्या ओसरीवर एकच हिशेब चालला होता. घरच्या आजी अंथरुणाला खिळलेल्या आणि नातू सॅन फ्रान्सिस्कोस. तो आज निघाला तर केव्हा पोचेल?

‘सतरा तास!’ हे उत्तर घरातील पोरासोरांसही पाठ होते. ते चुकीचे नव्हे. बंगळूर ते सॅन फ्रान्सिस्को हे अंतर सुमारे १४,००० किलोमीटर भरते. भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवून ते कळायचे नाही. पृथ्वीगोलावर दोरा ताणून पाहावा. दोन्ही शहरांच्या रेखांशांत अदमासे १६० अंशांचा फरक असल्याने दोरा उत्तर ध्रुवाच्या अंगाने जातो. एअर इंडियाच्या कॅप्टन झोया अगरवाल व त्यांच्या सहकारी वैमानिक भगिनींनी जानेवारी २०२१ मध्ये याच वाटेने विमान आणले. ९ तारखेच्या रात्री तिकडून निघालेले विमान ११ तारखेच्या पहाटे बंगळुरास उतरले. तारखा दोन उलटल्या, प्रवास मात्र सतरा तासांचाच. कारण हिवाळ्यात तिकडचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेतेरा तास मागे असते.

परंतु थेट विमान मिळेलच असे नाही. वाटेत विमान बदलावे लागले की चोवीस तास सहज होतात. पुढे बंगळूर-हुबळी हे सरळ रेषेत पावणेचारशे किलोमीटरांचे अंतर विमान तासाभरात कापते. पण त्या विमानाची वाट पाहण्यात अर्धा दिवस जाऊ शकतो. आणि मग उरतो शेवटचा टप्पा. हुबळी, बेळगाव, दाभोळी हे तिन्ही विमानतळ नंदिगड्ड्याहून सरळ रेषेत शंभर किलोमीटरांच्या आसपासच. पण रानातल्या रस्त्याला सरळ रेषा ठाऊक नसते! गोव्याकडून यावे तर घाट चढावा लागतो. पावसात तीन-चार तास धरावेत, बसने आल्यास त्याहून अधिक.

आम्ही कागद मागवून सारे मांडले. तिकडच्या घरातून विमानतळ व तपासणी चार तास, विमाने चोवीस, बंगळुरास थांबून हुबळी सहा, मोटारीने चार. बेरीज अडतीस. ज्यांची मुलेबाळे परदेशी आहेत अशा वाचकांनी असा कागद घरी करून ठेवावा, असे आम्हांस वाटते. तिकिटावर फक्त विमानाचे तास असतात.

ओसरी थोडा वेळ गप्प झाली. दिवाळीच्या रजेपर्यंत त्याला थांबू द्यावे, असे म्हणणारे वडीलही बोलेनात. आतून आजींनीच विचारले,

“म्हणजे परवा?”

“परवा रात्री,” आम्ही म्हणालो.

“मग आजच निघ म्हणावं त्याला. आणि रात्री रानातून येऊ नकोस, हुबळीस वस्ती कर म्हणून सांगा.”


फोन त्याच रात्री झाला.